एकसष्ट किल्ल्यांची फळी

या माणसाला मी कधी भेटलेले नाही. त्यांचा चेहरा मी पाहिलाय तो तळहाताएवढ्या पडद्यावर, आणि तोही बहुतेक वेळा हनुवटीकडून वर, कारण माझ्या लेकीला फोन सरळ धरता येत नाही. तरी गेल्या चार महिन्यांत मी या माणसाचा जितका विचार केला, तितका सख्ख्या नातेवाइकांचाही केला नसेल. लेकीचे बाबा नोकरीच्या गावी असतात, महिन्यातून दोनदा घरी येतात. परवा फोनवर म्हणाले, "त्या चावीवाल्याची चौकशी करतेस त्याच्या निम्मी माझी केलीस, तर मी दर आठवड्याला येईन."

सुरुवात झाली कचऱ्याच्या पिशवीपासून.

लेकीला आम्ही घरात ठकी म्हणतो. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाचं एक सत्र तिकडच्या कॉलेजात करायचं म्हणून ती पाच महिन्यांसाठी गेली. विमानाने सहा तासांवरचं प्रचंड शहर, घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. चौदा मजली इमारतीत अकराव्या मजल्यावर खोली. एक पलंग, एक टेबल, एक खिडकी आणि ओढलं की आपोआप बंद होणारं दार. तिसऱ्याच दिवशी ही बाई केस धुऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून, कचऱ्याची पिशवी ठेवायला जिन्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि मागे खट्ट आवाज झाला. किल्ली आत, फोन आत, चपलासुद्धा आत. शेजारच्या दारातून एका बाईने तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता बोटाने खाली खूण केली. तळमजल्यावर, जिन्याखाली, चावीवाला.

"किती वेळ लागला त्याला?" मी विचारलं.

"अगं, मी टॉवेल नीट बांधेपर्यंत दार उघडलंसुद्धा!"

ती कौतुकाने सांगत होती. मला मात्र दुसराच प्रश्न पडला.

"म्हणजे तो माणूस कुणाचंही दार उघडू शकतो?"

"आई, तो चावीवाला आहे. न्हाव्याच्या हातात वस्तरा दिसला की तू किंचाळतेस का?"

"बाबांसारखं बोलू नकोस."

"बरं, आणि एक सांगायचं राहिलं. माझी एक जादा किल्ली त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली. सगळी बिल्डिंगच ठेवते."

यानंतर मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. थोडक्यात, ती किल्ली आजच्या आज परत मागून घे, असा त्याचा अर्थ होता. ठकी म्हणाली, "तू आधी माणूस बघ, मग बोल." मी म्हटलं, बघते. आणि तिथेच फसले. कारण एखाद्या माणसाकडे नीट बघायला लागलं की पुढे काय होतं हे मला माहीत आहे. एकवीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली आहेत. पुस्तक परत करायला आलेल्या पोराच्या चपलेवरून त्याची परीक्षा कशी गेली ते ओळखणारी मी.

त्यांची जागा म्हणजे जिन्याखालचा त्रिकोण. पुढे माणूस उभा राहू शकतो, मागे मांजरालाही वाकून जावं लागेल. एक स्टूल. किल्ली कातायचं यंत्र, त्याखाली पितळेचा भुसा झेलायला बिस्किटांचा रिकामा डबा. भिंतीवर ओळीने पाच कानशी. एक दिवा, त्याची मान मोडलेली, म्हणून तारेने बांधलेली. ठकी त्यांना काका म्हणते. वय सदुसष्ट. अंगाने किडकिडीत, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून घट्ट, भुसा आत जाऊ नये म्हणून. ठकीची तिथली भाषा जेमतेम. रोज सकाळी कॉलेजात शिकते आणि संध्याकाळी काकांवर घासून बघते. काका सावकाश बोलतात, उरलेलं हाताने सांगतात. ते सगळं ती मला आपल्या भाषेत करून सांगते आणि मी ते आणखी थोडं माझ्या पद्धतीने लिहिते आहे. तेव्हा बोलण्यात कुठे माझा वास आला तर चालवून घ्या.

ही इमारत बांधत होते तेव्हा काका कुलपं बसवायला आले. चौऱ्याऐंशी दारं, चौऱ्याऐंशी कुलपं, सगळी त्यांच्या हातची. काम संपलं तेव्हा कंत्राटदार म्हणाला, एखादं कुलूप अडलं तर असावं कुणीतरी, महिनाभर थांब. "तो महिना अजून चालू आहे," काका म्हणतात. या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. त्यांची बायको एका दवाखान्याच्या धुलाईखात्यात कामाला आहे. एक मुलगी, लग्न होऊन दुसऱ्या शहरात. ती दर रविवारी फोन करते. तिच्या घराला आकडे दाबून उघडायचं कुलूप आहे. हे सांगताना काकांचा चेहरा असा होतो, की जावई दारू पितो म्हणून सांगताहेत.

नवी किल्ली कातली की ते लगेच देत नाहीत. कानशीने कडा मोडतात, फडक्याने पुसतात आणि मग किल्ली मुठीत धरून बसतात. मिनिट, दोन मिनिटं. "गार किल्ली कुलपाला खुपते," असं त्यांचं म्हणणं. त्यात शास्त्र किती आणि सवय किती, मला माहीत नाही. आमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांना विचारलं, तर ते नुसते हसले.

आणि एक नियम. दुसरी किल्ली करून हवी असेल तर काका गिऱ्हाइकाबरोबर त्याच्या दारापर्यंत जातात. गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने दार उघडून दाखवायचं, मगच यंत्र सुरू. एकदा एक तरुण किल्ली घेऊन आला, म्हणाला, पाच मिनिटांत करून द्या. काका उठले, म्हणाले, "चल, उघडून दाखव." तो म्हणाला, घाई आहे, नंतर येतो. तो अजून यायचाय. ही गोष्ट ठकीने सांगितली त्या दिवशी मी किल्ली परत मागण्याचा विषय काढला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा काढला.

आता फळी. काकांच्या उजव्या हाताला भिंतीवर एक लाकडी फळी आहे, तिला सात ओळींत हुक मारलेले. इमारतीतल्या एकसष्ट घरांची एकेक जादा किल्ली त्यावर लटकते. एकाही किल्लीवर आकडा नाही, चिठ्ठी नाही, रंगीत दोरासुद्धा नाही.

"मग त्यांना कळतं कसं कुठली कुणाची?"

"तेच तर! विचारलं मी. म्हणाले, लिहिलं तर चोरालाही वाचता येईल. क्रम आहे म्हणे, पण सांगत नाहीत. मी माझ्या कामासाठी हीच फळी घेणार आहे."

ठकीचा विषय वस्तूंची मांडणी. एखादा काम करणारा माणूस निवडायचा, तो आपल्या वस्तू कुठे आणि का ठेवतो याचा अभ्यास करायचा. सत्राचे निम्मे गुण त्यावर. काकांनी परवानगी दिली, पण फोटो काढायला सक्त मनाई. किल्लीचा फोटो म्हणजे किल्लीच, त्यावरून दुसरी करता येते. मी फोनवर असले की ते ठकीला फोन उलट्या बाजूला वळवायला सांगत. तिने कागदावर नुसते हुक काढले आणि किल्ल्यांच्या जागी ठिपके.

ज्या बाईने एकवीस वर्षं पुस्तकं क्रमांकाने लावली, तिला असला क्रम गप्प बसू देईल का? मी आठवड्याला एक तर्क पाठवायला लागले. मजल्याप्रमाणे? चूक. राहायला आले त्या क्रमाने? चूक. कुलपाच्या जातीप्रमाणे? "आईला सांग, जवळ आलीस, पण चूक," आणि मग हसणं. मी जवळ वगैरे काही आले नव्हते, ते मला खेळवत होते. एकदा त्यांनी उलटा प्रश्न टाकला.

"तुझ्या आईची जादा किल्ली कुणाकडे असते?"

"कपाटात," ठकी म्हणाली.

"कपाट कुठे?"

"घरात."

काका खोकला येईपर्यंत हसले. जिन्यावरून जाणाऱ्या दोघांना थांबवून त्यांनी ते सांगितलं, तेही हसले. मला राग आला. शहाण्या माणसाने जादा किल्ली कपाटात नाही ठेवायची तर कुठे ठेवायची?

चौथ्या महिन्यात एके दिवशी काकांना डोळे तपासायला जायचं होतं. डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करतात ती तपासणी, म्हणजे परत येईपर्यंत दुपार. ते ठकीला म्हणाले, "चार वाजेपर्यंत बसशील का? कुणी आलं तर सांग, चारला येतो." एकतीस वर्षांत त्यांनी ती जागा कुणाच्या हवाली केली नव्हती. ठकीने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज पहिला नंबर आल्यासारखा होता.

आमच्याकडे जेवणाची सुट्टी होती. मी जुन्या मासिकांच्या कपाटामागे डबा उघडून बसले होते. आणि मी म्हटलं, "एकदा दाखव ना फळी."

"आई, त्यांना आवडत नाही."

"मी काय किल्ल्या करणार आहे इथे बसून? दाखव, लांबूनच."

तिने दाखवली. आणि मला कसंसंच झालं. लांब किल्लीशेजारी बुटकी, गोल डोक्याचीच्या शेजारी चौकोनी, मध्येच तीन हुक रिकामे. फळीवर तर धुळीचा थर.

"अगं, केवढी धूळ! पुसून काढ की. आल्यावर बरं वाटेल त्यांना."

तिने सगळ्या किल्ल्या काढल्या. फळी पुसली. परत लावताना मीच म्हटलं, आता लावतेच आहेस तर जरा उंचीने लाव. वर लांब, खाली आखूड. वीस मिनिटं आम्ही मायलेकी मन लावून ते काम करत होतो, ती हाताने आणि मी तोंडाने. झाल्यावर फळी अशी सुरेख दिसत होती, की मी घास हातात धरून बघत राहिले. तिच्याकडे तो ठिपक्यांचा कागद होता, पण ठिपक्यावरून किल्ली कुठली ओळखायची! हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही. एक ग्रंथपाल, एक मांडणीची विद्यार्थिनी.

काका चारला आले. डोळ्यांवर काळा चष्मा, थेंबांमुळे सगळं धूसर. सवयीने त्यांनी फळीकडे हात नेला, एक किल्ली चाचपली, दुसरी चाचपली. मग स्टुलावर बसले.

"ओरडले असते तर बरं झालं असतं गं," ठकी नंतर म्हणाली.

ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "सहाव्या मजल्यावरच्या बाईंना फिट येते. आतून हाक आली की मी बघत नाही, हात जातो. आज डोळेही नाहीत आणि हातही नाही."

हत्याराने दार उघडता येतं, पण डोळे धड नसताना नव्या जातीच्या कुलपाला वीस मिनिटंही लागू शकतात. उद्या डोळे निवळेपर्यंत थांबायला ते तयार नव्हते. त्यांनी किल्ल्या एका ताटात काढल्या आणि एकेक उचलून अंगठ्याने दाते चाचपायला सुरुवात केली. सत्तावीस किल्ल्या त्यांनी नुसत्या अंगठ्याने ओळखल्या, बाईंची त्यात होती. ठकीने मला पुन्हा फोन लावला होता, ते ऐकून मी देवाचं नाव घेतलं. उरल्या चौतीस. त्यांच्यासाठी दारोदार जायचं, घरातल्या माणसाने आपली किल्ली दाखवायची, ठकीने दाते जुळवायचे, काकांनी अंगठ्याने खात्री करायची.

"फोन बंद करू नकोस," मी म्हटलं. तिने तो तसाच खिशात टाकला. परीक्षेचे दिवस, ग्रंथालय गच्च भरलेलं. मी एका कानात इअरफोन अडकवून पुस्तकांवर शिक्के मारत होते आणि त्या कानात अनोळखी शहरातली दारं उघडत होती. भाषा कळत नव्हती. कुठे आत टीव्ही, कुठे कुकरसारखी वाफ, कुठे तान्हं मूल, एका घरात कुणीतरी पेटी शिकत होतं आणि एकाच सुरावर अडत होतं. कोण काय म्हणालं ते ठकीने नंतर सांगितलं.

"काय काका, आज दौरा?"

"फळी पडली. माझ्या हातून."

पुढच्या दारात तेच. "फळी पडली, माझ्या हातून." एक म्हणाली, "वय झालं हो तुमचं." एकजण म्हणाला, "माझी किल्ली हरवली असेल तर बरंच आहे, बायको माहेरून आली की बाहेरच राहील." काका हसायचे, किल्ली जुळली की ताटातून काढून खिशात टाकायचे. डाव्या खिशात की उजव्या, हे त्यांचं ते ठरवत होते. ठकी प्रत्येक दारात मान खाली घालून उभी.

खाली पहिल्या मजल्यावर इमारतीचा व्यवस्थापक राहतो. त्याला सगळ्या दारांना आकड्यांची कुलपं बसवायची आहेत आणि जिन्याखालची जागा सायकलींना हवी आहे. त्याची किल्ली फळीवर नसणार, म्हणून ते पुढे जात होते. पण तो स्वतःच बाहेर आला.

"ऐकलं मी. फळी पडली म्हणे. एकतीस वर्षं नाही पडली ती? मी उगाच सांगत नव्हतो, काका. लोकांच्या किल्ल्या अशा ताटात घेऊन फिरायचं म्हणजे..."

ठकीचा आवाज मला खिशातून एकदम मोठा ऐकू आला.

"फळी पडली नाही. मी किल्ल्या काढल्या. त्यांना न विचारता."

"तू? का?"

"छान दिसाव्यात म्हणून." आणि मग, "माझ्या आईने सांगितलं म्हणून."

शब्द मला नंतर कळले, पण त्या आवाजानेच माझ्या हातातला शिक्का चुकून टेबलावर उमटला. तो अजून तिथे आहे.

व्यवस्थापक काही बोलणार, इतक्यात आतून त्याच्या आईचा आवाज आला. "चावीवाला आहे का रे? त्याला विचार, माझी किल्ली सापडली का."

"तुझी कसली किल्ली?"

"या घराची. मी दिली आहे त्याच्याकडे. तू दिवसभर बाहेर, मी पडले तर दार काय शेजाऱ्यांनी फोडायचं?"

"अगं, आकड्यांचं कुलूप बसवलं की..."

"आकडे लक्षात कोण ठेवणार? तू? तुला माझ्या औषधाची वेळ लक्षात राहत नाही."

काकांनी उजव्या खिशातून एक किल्ली काढून म्हातारीला दाखवली. ती अंगठ्याने ओळखलेल्या सत्तावीसांतली होती. व्यवस्थापक ती बघत राहिला. सायकलींचा विषय त्या दिवशी पुढे सरकला नाही.

मग काकांनी फळी लावली. ठकी शेजारी उभी. पहिली किल्ली त्यांनी बसल्या जागी उजवा हात सहज पोहोचतो त्या हुकाला लावली. सहाव्या मजल्यावरच्या बाई. शेजारी व्यवस्थापकाची आई. मग रात्रपाळीचा एक ड्रायव्हर. मग बायको गेल्यावर एकटे राहणारे एक शिंपी. हात ताणावा लागेल तसतशी घरं भरत गेली, आणि अगदी वरच्या कोपऱ्यात, जिथे स्टुलावर चढावं लागतं, तिथे नऊ माणसांचं घर. तिथे दार उघडायला आत नेहमी कुणीतरी असतंच.

चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये त्यांनी एक हुक सोडला होता. तिथे ठकीची किल्ली लावली.

"मी काय आजारी आहे का?" ठकी म्हणाली.

"आत दुसरं कोणी नाही ना," काका म्हणाले.

तिने हे मला सांगितलं. चार महिने मी जी किल्ली परत माग म्हणत होते, ती पहिल्या दिवसापासून त्या हुकावर होती.

त्यांनी ठकीवर राग धरला की नाही, हे काही दिवस कळेना. ती रोज जाऊन बसायची, ते कामापुरतं बोलायचे. तिने अभ्यासात सगळं लिहिलं, आपली चूकसुद्धा, फक्त क्रम लिहिला नाही. तो काकांचा आहे, म्हणाली. सरांनी गुण थोडे कापले, आणि मला प्रथमच गुण कापल्याचं वाईट वाटलं नाही. मग काल काकांच्या डोळ्यांची पुन्हा तपासणी होती. सकाळी ठकी कॉलेजला निघाली तर जिन्याखालून हाक आली. "दुपारी बसशील ना? चार वाजेपर्यंत." ती हो म्हणाली. "आणि आईला सांग," ते म्हणाले, "फळी पुसलेली आहे."

ठकी एकोणीस दिवसांनी परत येईल. किल्लीचं काय करायचं म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, शेवटच्या दिवसापर्यंत राहू दे हुकावर.

रात्रीचे बारा वाजून गेले आहेत. कपाटातली जादा किल्ली काढून मी टेबलावर आणली, आणि मघापासून डाव्या मुठीत धरून हे लिहिते आहे. आमच्या खालच्या मजल्यावर एक वहिनी राहतात. नऊ वर्षांत आमचं "काय, कशा आहात" याच्या पुढे बोलणं गेलेलं नाही. सकाळी सातला त्या दाराशी पेपर उचलायला येतात, तेव्हा खाली जायचं ठरवलं आहे. काय म्हणायचं ते अजून नीट जुळत नाही. घरात दुसरं कोणी नाही, एवढं सांगितलं तरी त्यांना कळेल बहुधा. किल्ली आता चांगली कोमट झाली आहे.